पांढर नसलेल्या मुलखात: कोकणातल्या उत्खनन-शिबिरांची पार्श्वभूमी

दिवाळी झाली, भातं झोडून झाली, जमीन वाळली की कोकणात उत्खननाचा हंगाम सुरू होतो. इतिहास, भूगोल, प्राचीन भारतीय संस्कृती असे विषय घेतलेली मुलं विचारू लागतात: यंदा शिबिर कुठे आहे, नाव कुठे द्यायचं, खोदायला मिळेल का? या प्रश्नांची उत्तरं दर वर्षी बदलतात. पण ही विद्या कोकणात कशी आली आणि घाटावर शिकलेलं इथे जसंच्या तसं का चालत नाही, हे नाव देण्याआधी ठाऊक असावं असं मला वाटतं.

सुरुवात मातीपासून करू. देशावरच्या जुन्या गावात म्हातारी माणसं दोन शब्द सहज बोलतात, काळी आणि पांढरी. काळी म्हणजे शेतजमीन आणि पांढरी म्हणजे गावठाण. शेकडो वर्षं एकाच जागी वस्ती राहिली, मातीच्या भिंती पडत गेल्या, चुलीची राख, शेण, केरकचरा साचत गेला की ती जागा पांढुरकी आणि उंच होते. महाराष्ट्रातल्या पुरातत्त्वज्ञांनी हे टेकाड ओळखायला शेतकऱ्यांकडूनच शिकून घेतलं. नेवाशाचं लाडमोड, घोड नदीकाठचं इनामगाव अशी कितीतरी स्थळं या नजरेनं सापडली. काळ्या रानात पांढरं टेकाड दिसलं की पाय तिकडे वळायचे.

कोकणात ही खूण नाही. माती तांबडी, पाऊस अडीच-तीन हजार मिलिमीटरच्या घरात, आणि गाव एका गठ्ठ्यात न वसता वाड्यावाड्यांनी पसरलेलं. घर पडलं तरी त्याचे चिरे तिथे राहत नाहीत. ते पुढच्या घराच्या जोत्यात, विहिरीत, बांधात जातात. जांभ्यावरची माती आम्लधर्मी, त्यामुळे उघड्यावरच्या जागी हाडं फार काळ टिकत नाहीत. आणि जी खाडी बंदराला जगवते तीच गाळ आणून त्याला पुरते. अलिबागजवळच्या चौलमध्ये, या जुन्या बंदरात, उभं राहिलं तर डोक्यावर नारळी-पोफळी असतात आणि पायाखाली एक शहर. ते शहर वरून दिसत नाही. कुणी आगरात विहीर खणली, खड्डा घेतला की बाजूच्या मातीत खापरांचा पट्टा उघडा पडतो, तेवढंच.

तरीही महाराष्ट्रातल्या अगदी पहिल्या महत्त्वाच्या उत्खननांपैकी एक कोकणातच झालं, आणि ते करणारा माणूस कुठल्याही विद्यापीठात शिकलेला नव्हता. भगवानलाल इंद्रजी मूळचे जुनागढचे. गिरनारच्या पायथ्याशी अशोकाचे चौदा शिलालेख कोरलेली प्रचंड शिळा आहे, तिच्या आसपास ते वाढले आणि तिथली अक्षरं त्यांनी तरुणपणीच गिरवली. पुढे ते मुंबईत डॉ. भाऊ दाजी लाड यांच्याकडे आले. भाऊ दाजी पेशानं डॉक्टर आणि मनानं लिपींचे अभ्यासक. त्यांनी या शिष्याला वर्षानुवर्षं देशभर पाठवलं: लेण्यांत, डोंगरांत, ओसाड देवळांत. लेखांचे ठसे घ्यायचे, नकला करायच्या, पुन्हा जाऊन ताडून बघायचं. माझ्या लेखी आपल्याकडचं पहिलं क्षेत्रशिक्षण हेच. वर्ग नाही, प्रमाणपत्र नाही. एक गुरू, एक शिष्य आणि पायपीट.

१८७४ मध्ये भाऊ दाजी गेले. १८८२ च्या एप्रिलमध्ये भगवानलाल वसईजवळच्या सोपाऱ्याला, म्हणजे आजच्या नालासोपाऱ्याला होते. गावालगतच्या एका उंचवट्याला लोक बुरुडराजाचा कोट म्हणत. नावावरून तिथे किल्ला असावा असं वाटेल, पण आकार पाहून भगवानलालांना स्तूपाचा संशय आला. मधोमध खणत गेल्यावर विटांची कोठी लागली आणि तीत दगडी करंडक. त्याच्या आत तांब्याचा, मग एकात एक बसवलेले चांदीचे, दगडाचे, स्फटिकाचे आणि सगळ्यांत आत सोन्याचा असे करंडक निघाले. आतल्या सोन्याच्या करंडकात मातीच्या भांड्याचे तुकडे होते. भक्तांनी ते बुद्धाच्या भिक्षापात्राचे म्हणून जपले होते. बरोबर सोन्याची फुलं, सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णीचं चांदीचं नाणं, आणि तांब्याच्या करंडकाभोवती आठ धातुमूर्ती: सात बुद्ध आणि आठवा मैत्रेय, म्हणजे पुढे येणारा बुद्ध.

शिबिरातल्या प्रत्येक मुलाला मी ही गोष्ट सांगतो, त्याचं कारण करंडकातलं सोनं नाही. यज्ञश्रीचं नाणं इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातलं. मूर्ती मात्र शैलीवरून आठव्या-नवव्या शतकाच्या मानल्या जातात. म्हणजे मधे सहाएक शतकं गेली आणि तरी दोन्ही वस्तू एकाच कोठीत. स्तूप नंतर कुणीतरी श्रद्धेनं उघडला, मूर्ती ठेवल्या आणि पुन्हा बंद केला, असाच याचा अर्थ लावावा लागतो. पण तो कुठून उघडला, कुठली वीट हलवली, भर कोणत्या रंगाची होती? हे प्रश्न विचारायची पद्धत तेव्हा जगातच नुकती आकार घेत होती. वस्तू कशात आणि कशावर पडली होती याची नोंद वस्तूइतकीच मोलाची असते, हे सोपाऱ्याइतकं स्पष्ट क्वचितच दिसतं.

त्याच मोहिमेत सोपाऱ्याला एक फुटका दगड मिळाला. त्यावरच्या ब्राह्मी अक्षरांत अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा भाग होता. दुसऱ्या कुणाच्या हाती तो दगड कदाचित नुसता दगडच राहिला असता. गिरनारच्या शिळेपाशी वाढलेल्या माणसाला ती अक्षरं ओळखीची होती. स्तूपातल्या वस्तू मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे गेल्या.

थरांची भाषा आपल्याकडे रुजली ती साठ वर्षांनी. १९४४ मध्ये मॉर्टिमर व्हीलर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे महासंचालक होऊन आले, आणि त्याच वर्षी त्यांनी तक्षशिलेला शिकाऊ मुलांचं उत्खनन सुरू केलं. विद्यापीठांतून, संग्रहालयांतून आलेले तरुण तिथे आखीव चौकोनांत खणायला, मधली न खोदलेली पट्टी उभी ठेवायला आणि खड्ड्याच्या उभ्या कापातले थर कागदावर उतरवायला शिकले. पुढच्याच वर्षी पुदुच्चेरीजवळ अरिकमेडूला हीच मंडळी खणायला होती. तिथे इटलीहून आलेली, काळ नक्की माहीत असलेली भांडी मिळाली आणि त्याच थरातल्या देशी खापरांनाही तारीख लाभली. बंदर खणण्याचा हा मोठा फायदा आहे. परक्या वस्तूचा काळ कळला की शेजारच्या आपल्या वस्तूचा कळतो.

महाराष्ट्रात ही पद्धत ह. धी. सांकलियांमुळे घट्ट झाली. लंडनला शिकत असताना ते व्हीलरांच्या उत्खननावर राबले होते. १९३९ मध्ये पुण्याचं डेक्कन कॉलेज संशोधन संस्था म्हणून नव्यानं सुरू झालं तेव्हा ते तिथे रुजू झाले. पुढची कित्येक दशकं तिथल्या विद्यार्थ्यांचा हिवाळा तंबूत गेला. नेवासे १९५४ ते ५६, इनामगाव १९६८ ते ८३. मराठी मुलखातल्या बहुतेक पुरातत्त्वज्ञांची परंपरा मागे नेत गेलं की ती या तंबूंपाशी पोचते.

पण हे तंबू मुख्यतः घाटावर लागले. तेव्हाचा कळीचा प्रश्न होता महाराष्ट्रातल्या पहिल्या शेतकऱ्यांचा, आणि त्यांची पांढरीची टेकाडं गोदावरी, प्रवरा, भीमेच्या खोऱ्यांत. कोकणातली बंदरं मात्र पोथ्यांत जागी होती. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक नाविकाच्या वहीत सोपारा, कल्याण, चौल ही नावं ओळखू येतात. कल्याणला चुकून आलेली ग्रीक गलबतं पहाऱ्यात भडोचला नेतात, अशी नोंदही तो करतो. दहाव्या शतकात अरब प्रवासी अल मसूदीनं चौल पाहिलं, त्याच्या लेखनात ते सैमूर म्हणून येतं. इतकं लिहिलेलं होतं म्हणूनच, मला वाटतं, खणायची निकड भासली नाही. आणि लिहिणारे सगळे जहाजावरचे. खाडीकाठी मीठ पिकवणारा, जहाजाचा नांगर ओढणारा, भांडी घडवणारा माणूस त्यांच्या वहीत नाही. त्याच्यापर्यंत जायला खापराशिवाय वाट नाही.

चौलला ही वाट डेक्कन कॉलेजच्या विश्वास गोगटे यांच्या चमूनं धरली, १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात. वाड्यांमधून जागा शोधत शोधत त्यांनी सातवाहनकाळापर्यंतचे थर गाठले. गोगटे मातीच्या रासायनिक परीक्षणातले जाणकार. भारताच्या किनाऱ्यांवर मिळणारी एक नक्षीदार काळी थाळी बंगालच्या मातीची असल्याचं त्यांनी क्ष-किरणांच्या तपासणीवरून मांडलं होतं. विज्ञान शाखेची मुलं शिबिरात कशाला, असं विचारणाऱ्यांसाठी हे उत्तर पुरेसं आहे. चौलच्या शेजारीच आक्षीला शिलाहार राजा केशिदेवाचा शके ९३४, म्हणजे इसवी सन १०१२ चा लेख आहे. अनेक अभ्यासक तो मराठीतला सर्वांत जुना शिलालेख मानतात. खाली गाढवाची शापवाणी असलेला हा गद्धेगाळ बघायला वाट वाकडी करावीच.

आणि मग सडे, म्हणजे जांभ्याची उघडी पठारं. रत्नागिरी, राजापूर, देवगडकडच्या उघड्या कातळावर कोरलेली चित्रं गावकऱ्यांना ठाऊक होती, अभ्यासकांना उशिरा कळली. गेल्या दीड दशकात निसर्गयात्री संस्थेच्या सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि सुरेंद्र ठाकूरदेसाई यांनी सडे अक्षरशः पायाखाली घातले, गुराख्यांना विचारलं, आणि शेकडो चित्रांची नोंद केली. कशेळीचा हत्ती सुमारे १८ मीटर लांब आहे आणि त्याच्या पोटात इतर प्राण्यांची गर्दी. कुठे गेंडा दिसतो, जो आज कोकणात कुठेच नाही. २०२२ मध्ये कशेळी, रुंढे तळी, देवाचे गोठणे, बारसू, देवीहसोळ, जांभरूण, उक्षी, कुडोपी ही महाराष्ट्रातली आठ ठिकाणं आणि गोव्यातलं एक अशी नऊ स्थळं युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. इथे खणायला थर जवळजवळ नाहीत. झाडूनं माती सारायची, दोरीचे चौकोन आखायचे, ऊन तिरपं असताना फोटो घ्यायचे, मोजमाप उतरवायचं. चिरेखाणींची यंत्रं ज्या वेगानं सडे कापत आहेत ते पाहता, या नोंदीचं काम मला कोणत्याही उत्खननाइतकंच तातडीचं वाटतं.

मुंबईच्या बाजूला साष्टी बेटावरही असंच पायी काम झालं. मुंबई विद्यापीठाचं सेंटर फॉर एक्स्ट्रा म्युरल स्टडीज आणि विलेपार्ल्याच्या साठ्ये कॉलेजातली मंडळी विद्यार्थ्यांना घेऊन गावठाणं, पाडे, तलावांचे काठ फिरली; इमारतींच्या दाटीत वीरगळ आणि देवळांचे अवशेष नोंदवत गेली. खणण्याआधी चालायला शिकायचं, हे मला कोकणापुरतं तरी बरोबर वाटतं.

खोदायला मिळेल का, या प्रश्नाला कायद्याचीही बाजू आहे. १९५८ च्या कायद्यामुळे उत्खननाला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचा परवाना लागतो. तो संस्थेच्या, जबाबदार संचालकाच्या नावे मिळतो, आणि अहवाल देण्याची जबाबदारीही त्याच्यासोबत येते. शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२ च्या कायद्यानं पुरावस्तू ठरते. वाळूत सापडलेलं नाणं खिशात घालून घरी नेण्याची मुभा कुणालाच नाही. म्हणून कुणी शिबिराचे पैसे मागत असेल तर परवाना कुणाच्या नावे आहे आणि मागच्या हंगामाचा अहवाल कुठे आहे, हे मोकळेपणानं विचारावं. चांगल्या संचालकाला या प्रश्नाचा राग येत नाही.

माझ्या पहिल्या शिबिरात आठ दिवस मी फक्त खापरं धुतली. बादली, जुना दातघासायचा ब्रश आणि गोणपाटावर वाळत घातलेले तुकडे. काठाचे वेगळे, बुडाचे वेगळे, नक्षीचे वेगळे. नवव्या दिवशी एक तुकडा हातात येताच तो बाकीच्यांतला नाही, हे बोटांना आधी कळलं: जाड, वाळूमिश्रित, फिकट. आमच्या सरांनी तो उलटसुलट केला आणि म्हणाले, "हा जहाजातून आलाय बघ." त्या दिवशी खड्ड्यात उतरलेल्या कुणाचाही मला हेवा वाटला नाही.

१९५६ मध्ये सोपाऱ्याजवळच्या भुईगावात अशोकाच्या लेखाचा आणखी एक तुकडा मिळाला, नवव्या शिलालेखाचा. गिरनारच्या शिळेवर लेख चौदा आहेत. सोपाऱ्याचे दोन सापडले, तेही तुकड्यांनी. बाकीचे दगड कुठल्या विहिरीच्या थारोळ्यात, कुठल्या घराच्या पायरीला, कुठल्या धुण्याच्या जागी उलटे बसवलेले असतील. वसईकडच्या वाड्यांतून चालणारी मुलं पाणवठ्यापाशी थांबतात, ओल्या दगडावरून हात फिरवतात, आणि तिथे कपडे धुणाऱ्या मावशींना विचारतात, हा दगड इथे केव्हापासून आहे?