रीमास्टर वेगळं, पुन्हा रेकॉर्ड केलेलं वेगळं

एखाद्या बँडनं आपलीच चार-सहा जुनी गाणी घेऊन ईपी, म्हणजे अल्बमपेक्षा छोटी रेकॉर्ड, काढली, की बेळगावात गिटार धरणारी निम्मी पोरं एकमेकांना सांगतात, "रीमास्टर आलंय, ऐकलास काय?" दोन दिवसांनी तीच पोरं तक्रार करतात, "मूळचा आवाजच घालवला, कसलं रीमास्टर हे!" पण ते रीमास्टर नव्हतंच, ती गाणी पुन्हा रेकॉर्ड केलेली होती. नाव चुकीचं पडलं, म्हणून अपेक्षा चुकीची ठेवली आणि चांगली रेकॉर्ड नाहक नावडती झाली. हे मी इतक्या वेळा पाहिलंय की आता एकदा नीट लिहायलाच हवं.

रीमास्टर बहुतेकांना ठाऊक आहे, म्हणून ते थोडक्यात. गाणं गाऊन-वाजवून झालेलं असतं, सगळी वाद्यं आणि आवाज एकत्र बसवून डाव्या-उजव्या चॅनेलची अंतिम टेप तयार झालेली असते. रीमास्टर करणारा त्या तयार टेपवर काम करतो. खर्ज जरा उचलतो, टेपची सुरसुर कमी करतो, एकूण आवाजाची पातळी आजच्या कानांना जुळवतो. गायकाला बोलवावं लागत नाही. तो हयात नसला तरी काम होतं. मला यातली एकच गोष्ट खटकते: नुसता आवाज चढवून त्याला रीमास्टर म्हणणं. सगळं दाबून एका उंचीला आणलं की गाण्यातले चढउतार मरतात. शिवाय स्पॉटिफाय मुळात सगळी गाणी साधारण उणे 14 एलयूएफएसच्या (कानाला जाणवणारा आवाज मोजायचं माप) पातळीला आणूनच ऐकवतं. चढवलेला आवाज तिथं परत खाली येतो, मेलेले चढउतार मात्र परत येत नाहीत.

रीमास्टर आणि पुन्हा रेकॉर्ड करणं या दोघांच्या मध्ये रीमिक्स बसतं. त्यासाठी गायन, गिटार, ड्रम वेगवेगळ्या ट्रॅकवर असलेली मूळ टेप लागते. द रिप्लेसमेंट्स या बँडचा 1985 चा 'टिम' हा अल्बम एड स्टेसियमनं नव्यानं मिक्स केला आणि तो 2023 साली आला. वादन तेच, बसवणं नवं. गाण्यावर डीजेचा ठेका घालणं म्हणजेच रीमिक्स, असा आपल्याकडे समज आहे. तो सोडून द्या, एवढंच सांगतो.

आता खरी गोष्ट. पुन्हा रेकॉर्ड करणं म्हणजे बँड परत स्टुडिओत जातो, परत 'वन, टू, थ्री, फोर' होतं, आणि ते गाणं आजच्या गळ्यातून, आजच्या बोटांतून नव्यानं निघतं. जुन्या टेपमधला एक कणही त्यात नसतो. गाणं तेच, पण गायन दुसरं. लोक इथंच घसरतात, कारण यादीत नाव तेच दिसतं, गायकही तोच असतो आणि पुढे कंसात काहीतरी लिहिलेलं असतं. ते कुणी वाचत नाही.

अमेरिकेतल्या ओमाहा गावचा ब्राइट आइज हा बँड बघा. 2022 साली त्यांनी आपले जुने अल्बम डेड ओशन्स या रेकॉर्ड कंपनीकडून पुन्हा काढायला घेतले आणि प्रत्येकासोबत सहा गाण्यांची एक 'कम्पॅनियन', म्हणजे जोडीची, ईपी दिली. अल्बम जुना, ईपी नवी रेकॉर्ड केलेली. दोन्ही एकत्र बाजारात आल्यामुळे गोंधळाला आयतंच निमित्त मिळालं. यातल्या सर्वांत जुन्या संग्रहातली गाणी 1995 ते 1997 मधली. बँडचा गायक कॉनर ओबर्स्टचा जन्म 1980 चा, म्हणजे तेव्हा तो पंधरा-सतरा वर्षांचा पोर. आवाज कापतोय, सूर कडेवरून चाललाय, आणि ती भीतीच त्या गाण्याचा जीव आहे. ईपीत तीच गाणी चाळिशी ओलांडलेला माणूस गातो. आता तो घाबरलेला नाही. जे तेव्हा अंगावर आलेलं होतं, त्याच्याकडे तो मागे वळून बघतोय. हा फरक टेप कितीही घासूनपुसून मिळणार नाही.

याहून सरळ पुरावा हवा असेल तर त्यांच्याच 'फीव्हर्स अँड मिरर्स' या अल्बमच्या जोडीची ईपी घ्या. तिच्यात एका गाण्यात फीबी ब्रिजर्स ही गायिका गाते. मूळ अल्बम 2000 सालचा, आणि ही बाई 1994 साली जन्मलेली. पाच वर्षांची मुलगी त्या टेपवर असणं शक्यच नाही. तरीही ही ईपी 'जुन्याचीच साफसफाई' समजून बाजूला टाकणारे मला भेटलेत. मन लावून ऐकणारे लोक असं करतात तेव्हा वाईट वाटतं.

खरं तर आपल्या भागातल्या माणसाला हे समजावून सांगायची गरज पडू नये. कुमार गंधर्व इथल्याच सुळेभावीचे, 1924 चा जन्म. ऐन उमेदीत क्षयानं गाठलं, काही वर्षं गाणं बंद राहिलं, आणि परत गायला बसले तेव्हा आवाजाची फेक, श्वासाची लांबी, सगळंच बदललेलं होतं. त्यांची एकच बंदिश दोन वेगळ्या मैफलींच्या रेकॉर्डिंगमध्ये ऐकणाऱ्या रसिकाला कधी वाटत नाही, की दुसरं हे पहिल्याचं सुधारलेलं रूप आहे. तो दोन्ही जपतो आणि कुठल्या मैफलीत काय साधलं यावर रात्रभर बोलतो. हाच कान रॉक ऐकताना घरी का ठेवायचा?

ओळखायची रीत सोपी आहे. शब्द आणि चाल सोडा, श्वास ऐका. दुसऱ्या ओळीआधी गायक कुठं दम घेतो, गिटारच्या तारेवर बोट सरकताना चर्रकन आवाज कुठं येतो, शेवटची झांज किती वेळ घुमते. रीमास्टरमध्ये या खुणा त्याच क्रमानं त्याच जागी सापडतात. टेपचा वेग किंचित इकडेतिकडे झाला तरी क्रम मोडत नाही. पुन्हा रेकॉर्ड केलेल्यात त्या जुळूच शकत नाहीत. दोन फोनवर दोन्ही गाणी एकदम सुरू करा. रीमास्टर बराच वेळ जोडीनं चालतं. पुन्हा रेकॉर्ड केलेलं पहिलं कडवं संपेपर्यंत फाटतं. वर्तुळातल्या पी या (ध्वनिमुद्रणाच्या हक्काच्या) खुणेपुढच्या सालावर मात्र विसंबू नका, रीमास्टरलाही कंपन्या नवं साल लावतात.

हे इथल्या पोरांना का कळायला हवं, तेही सांगतो. टिळकवाडीतल्या एका बँडनं आपलं पहिलं गाणं ऐन पावसाळ्यात, पत्र्याच्या खोलीत, एका फोनवर रेकॉर्ड केलं होतं. पुढे हात बसला, ड्रमरही बदलला, तेव्हा ते गाणं घेऊन माझ्याकडे आले. "काका, तेवढं रीमास्टर करून देता काय?" मी फाइल लॅपटॉपवर उघडून दाखवली. गाणारा थांबतो तिथं आवाजाची रेषा सपाट व्हायला हवी, पण पत्र्यावरच्या पावसामुळे ती कुठंच सपाट होत नव्हती. गायन उचलायला गेलं की पाऊसही वर येतो, कारण सगळं एकाच माइकमधून आत गेलंय. आवाज आणि वाद्यं वेगळी करणारी सॉफ्टवेअर आता आलीत. बीटल्सच्या 'रिव्हॉल्व्हर'चं 2022 चं मिक्स अशाच तंत्रानं झालं. पण बेसुरा लागलेला गंधार आणि धावलेली लय त्यानं सुधारत नाही, आणि पोरांची खरी तक्रार तीच होती. त्यांना हवं होतं ते गाणं परत वाजवणं.

परत वाजवतानाही नक्कल करू नये, असं माझं ठाम मत आहे. जुन्यासारखंच हुबेहूब, फक्त महागड्या माइकवर, अशी रेकॉर्ड मला निर्जीव वाटते. पट्टी उतरवा, लय सोडा, कडवं गाळा, गिटारऐवजी पेटी घ्या. कार सीट हेडरेस्ट या बँडच्या विल टोलेडोनं 'ट्विन फँटसी' हा अल्बम 2011 साली घरच्या घरी केला होता. 2018 साली पूर्ण बँड घेऊन तो पुन्हा केला, तेव्हा जागोजागी शब्दसुद्धा बदलले, आणि जुना अल्बमही वेगळं उपशीर्षक देऊन शेजारी ठेवला. अशी हिंमत आणि असा प्रामाणिकपणा मला फार आवडतो. नवं आणून जुनं काढून टाकणारे मला अजिबात पटत नाहीत. ज्यानं ते जुनं गाणं आपलं मानलं, त्याच्या हातातून ते काढून घ्यायचा हक्क बँडलाही नाही.

हक्काचा विषय निघालाच आहे तर कायद्याची बाजू. 1957 च्या आपल्या कॉपीराइट कायद्यात शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण यांचे हक्क वेगवेगळे आहेत. ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर 60 वर्षं चालतो. रीमास्टर जुन्याच ध्वनिमुद्रणाचं असतं, म्हणून ज्याच्याकडे टेपचा हक्क, त्याच्या परवानगीशिवाय ते होत नाही. नवं रेकॉर्डिंग हे नवं ध्वनिमुद्रण, त्याचा हक्क जुन्या टेपवाल्याकडे आपोआप जात नाही. टेलर स्विफ्टनं 2021 ते 2023 मध्ये चार जुने अल्बम पुन्हा गाऊन काढले ते यासाठीच. मात्र अमुक वर्षं तेच गाणं पुन्हा रेकॉर्ड करायचं नाही, असं कलम करारात असू शकतं. सही करण्याआधी ते वाचा.

टिळकवाडीच्या त्या पोरांनी शेवटी चार गाण्यांची ईपी करायचं ठरवलंय. माझं त्यांना एवढंच सांगणं आहे: गाण्याच्या नावापुढे कंसात रेकॉर्डिंगचं साल घाला, जुन्या ड्रमरचं नाव जुन्या गाण्याखाली तसंच राहू द्या, आणि रीमास्टर हा शब्द कव्हरवर कुठंही छापू नका.