कृतीतला आकडा आणि आपला उतारा: घरच्या बिअरची ताकद जुळवण्यामागचा इतिहास

साडेचार किलो फिकं माल्ट, २० लिटर बिअर, अल्कोहोल ५ टक्के. घरी बिअर बनवणाऱ्यांच्या कृती साधारण अशा लिहिलेल्या असतात. तीच कृती दोघांनी केली, तर एकाच्या वर्टची घनता १.०५० भरते आणि दुसऱ्याची १.०४३. माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेलं धान्य, बहुधा बार्ली. वर्ट म्हणजे ते गरम पाण्यात भिजवून निथळलेला गोड रस, यीस्ट पडण्याआधीचा. पाण्याची घनता १.००० धरतात; वर्टमध्ये साखर जास्त तितकी घनता जास्त, आणि यीस्ट त्या साखरेचं अल्कोहोल करतं, म्हणून बिअरची ताकदही जास्त. माल्ट तेवढंच, पाणीही तेवढंच. फरक पडतो तो उताऱ्यात. ऊसपट्ट्यातल्या वाचकाला हे वेगळं समजावून सांगायला नको. एका कारखान्याचा उतारा साडेअकरा पडतो आणि शेजारच्याचा साडेदहा, ऊस एकाच शिवारातला असला तरी. माल्टचंही तसंच आहे. दळण किती बारीक, पाणी किती अंशांवर, चोथा किती नीट धुतला, यावर दाण्यातली किती साखर भांड्यात उतरते ते ठरतं.

म्हणूनच आज कुणी ‘कृती आपल्या ताकदीला जुळवून घ्या’ असं सांगतं, तेव्हा त्याचा अर्थ असा असतो की आधी हवी ती घनता ठरवा आणि मग तिच्यासाठी आपल्या घरी किती माल्ट लागेल ते काढा. हा क्रम आपल्याला सहज वाटतो. पण बिअरच्या हजारो वर्षांच्या इतिहासात तो जेमतेम अडीचशे वर्षांचा आहे. त्याआधी हिशेब उलटा चाले: इतकं माल्ट घातलं, मग ताकद निघेल ती निघेल.

इंग्लंडमधली जुनी पद्धत पाहिली की हे लक्षात येतं. त्याच माल्टवर दोनदा, तीनदा गरम पाणी ओतायचे. पहिला निथळ दाट, त्याची कडक ‘एल’ ही बिअर. दुसरा त्याहून पातळ. तिसऱ्याची ‘स्मॉल बिअर’, जी घरातली नोकरमाणसं आणि मुलंसुद्धा पीत. दाटपणा जोखायचा तो जिभेने आणि बोटांच्या चिकटपणाने. आपल्याकडे पाक एकतारी झाला की दोनतारी हे बोटांवर पाहतात, तसाच हा अनुभवी हाताचा अंदाज. तो कौशल्याचा होता, यात शंका नाही. पण पाकाचा अंदाज चुकला तर एक घाणा बिघडतो. लंडनच्या ब्रुअरीत, म्हणजे बिअरच्या कारखान्यात, एका वेळी शेकडो पिंपं भरत, आणि तिथे माल्टच्या खर्चात थोडा फरक पडला तरी वर्षाचा नफा हलत असे.

द्रवात तरंगणाऱ्या काचेच्या किंवा धातूच्या नळीने घनता मोजता येते, हे तोवर माहीत होतं. दूध संकलन केंद्रावरचा लॅक्टोमीटर ज्या तत्त्वावर चालतो तेच हे तत्त्व: रस दाट असेल तर नळी वर राहते, पातळ असेल तर खाली जाते. ही नळी वर्टमध्ये बुडवून पाहायला मात्र अठराव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडला. मायकेल कॉम्ब्रून या ब्रुअरने १७६२ च्या आपल्या ग्रंथात थर्मामीटरचा आग्रह धरला होता. हॅम्पशरमधल्या ऑल्टन गावच्या जेम्स बॅव्हरस्टॉकने पुढचं पाऊल टाकलं. ब्रुअरी वडिलांची होती आणि त्यांना असली उपकरणं मान्य नव्हती, म्हणून मुलगा वडिलांच्या नजरेआड हायड्रोमीटर, म्हणजे हीच तरंगती नळी, वापरायचा. आपले निष्कर्ष घेऊन तो लंडनला सॅम्युअल व्हिटब्रेडकडे गेला. व्हिटब्रेड त्या काळचा फार मोठा ब्रुअर. त्याने या तरुणाला उडवून लावलं. लंडनमधल्याच साउदर्कच्या हेन्री थ्रेल या ब्रुअरने मात्र त्याचं म्हणणं मनावर घेतलं.

खरी उलथापालथ केली ती हल शहरातल्या जॉन रिचर्डसनने. १७८४ साली त्याने ‘सॅकरोमीटर’ (वर्टसाठीचा हायड्रोमीटर) आणि त्यावर आधारित आकडेवारी प्रसिद्ध केली. पिंपभर वर्ट पिंपभर पाण्यापेक्षा किती पौंड जड, हे त्याचं माप. १८२४ मध्ये इम्पीरियल गॅलन ठरल्यावर हा हिशेब फारच सुटसुटीत झाला, कारण एक गॅलन पाणी म्हणजे दहा पौंड. ३६ गॅलनच्या पिंपातलं पाणी ३६० पौंड. तेवढंच वर्ट ३८० पौंड भरलं तर ‘वीस पौंडांचं वर्ट’, म्हणजे आजच्या मापात जवळपास १.०५६.

रिचर्डसनचं मोठेपण उपकरणापेक्षा त्याने विचारलेल्या प्रश्नात आहे, असं मला वाटतं. एवढ्या पैशांच्या माल्टमधून नेमकं किती पौंड सत्त्व निघतं, हे त्याने मोजलं. त्या काळी लंडनची गाजलेली बिअर म्हणजे काळपट पोर्टर, आणि ती तपकिरी माल्टपासून होई. हे माल्ट लाकडाच्या आचेवर कडक भाजलेलं असे आणि फिक्या माल्टपेक्षा स्वस्त मिळे. सगळ्यांची समजूत की त्यातच फायदा. मोजल्यावर दिसलं ते उलट: तपकिरी माल्टचा उतारा इतका कमी, की तेवढ्याच ताकदीसाठी महाग फिकं माल्टच शेवटी स्वस्त पडत होतं.

एका आकड्याने एका बिअरचा चेहरा कसा बदलला, याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही. ब्रुअर फिक्या माल्टकडे वळले. पण मग पोर्टर काळी कशी राहणार? जळकी साखर घालून रंग आणला जाऊ लागला आणि १८१६ च्या कायद्याने तो मार्ग बंद झाला. पुढच्याच वर्षी, १८१७ मध्ये, डॅनियल व्हीलरने माल्ट फिरत्या पिंपात कॉफीसारखं भाजण्याचं पेटंट घेतलं. हे काळं माल्ट चिमूटभर पुरे. ताकद फिक्या माल्टची, रंग काळ्याचा, असे दोन धागे वेगळे झाले. आजचा घरगुती ब्रुअर ताकद वाढवायची असेल तर फक्त मूळ माल्ट वाढवतो आणि रंगाच्या माल्टला सहसा हात लावत नाही, ते यामुळेच.

युरोप खंडात याच कामाला वेगळी मापं आली. प्राग इथल्या कार्ल बॉलिंगने १८४३ मध्ये घनतेऐवजी थेट साखरेच्या टक्क्यांत वाचता येईल असा सॅकरोमीटर दिला. अ‍ॅडॉल्फ ब्रिक्सने ती कोष्टकं नव्याने काढली, आणि विसाव्या शतकाच्या तोंडावर फ्रिट्झ प्लाटोच्या मोजणीने ती आणखी काटेकोर झाली. उसाच्या फडात हँड रिफ्रॅक्टोमीटर धरून ‘ब्रिक्स किती?’ विचारणारा शेतकरी आणि ‘बारा प्लाटोचं वर्ट’ म्हणणारा जर्मन ब्रुअर एकाच कुळातलं माप वापरतात. बारा ब्रिक्स म्हणजे घनता सुमारे १.०४८.

आता करवसुलीकडे येऊ, कारण घरगुती ब्रुअरच्या वहीतली निम्मी भाषा तिथून आलेली आहे. ब्रिटनमध्ये १८३० पासून बिअरवर कर नव्हता, माल्टवर होता. निर्यात केलेल्या बिअरवर कराचा परतावा मिळे, पण तयार बिअर मुळात किती दाट होती हे ओळखायचं कसं? अल्कोहोल पाण्यापेक्षा हलकं असतं, त्यामुळे आंबलेल्या बिअरमधली नळी मूळ साखरेबद्दल काहीच सांगत नाही. थॉमस ग्रॅहॅम, हॉफमन आणि रेडवुड या रसायनतज्ज्ञांनी १८५२ मध्ये याचा मार्ग दिला. बिअर ऊर्ध्वपातित करून अल्कोहोल वेगळं काढायचं, ते पाण्यापेक्षा किती हलकं भरतं त्यावरून आंबताना गेलेली घनता कोष्टकात पाहायची आणि ती उरलेल्या द्रवाच्या घनतेत मिळवायची. ‘ओरिजिनल ग्रॅव्हिटी’, म्हणजे मूळ घनता, ही आज प्रत्येक कृतीत दिसणारी संज्ञा या कामाने कायम झाली.

मग १८८० साली पंतप्रधान ग्लॅडस्टनने माल्टवरचा कर काढून तो वर्टवर बसवला. ३६ गॅलन आणि घनता १.०५७ याला सहा शिलिंग तीन पेन्स, आणि दाटपणा कमी-जास्त असेल त्या प्रमाणात कर कमी-जास्त. त्या कायद्यातलं एक कलम मला विशेष महत्त्वाचं वाटतं. दोन बुशेल माल्ट, म्हणजे ८४ पौंड, वापरलं तर त्यातून ३६ गॅलन १.०५७ चं वर्ट निघालंच, असं कायदा गृहीत धरायचा. आजच्या हिशेबात हा साधारण ८० टक्के उतारा होतो. ज्या ब्रुअरचा उतारा त्याहून कमी, त्याला न निघालेल्या वर्टवरही कर पडू शकत असे. उतारा सुधारणं हे आता सक्तीचंच झालं. पहिल्या महायुद्धात धान्य वाचवण्यासाठी हीच घनता सरकारने वरून दाबली. १९१४ मध्ये १.०५२ च्या आसपास असलेली ब्रिटिश बिअरची सरासरी १९१८ पर्यंत १.०३० च्या आसपास आली.

घरी बिअर बनवण्यावरही १८८० च्या कायद्याने परवान्याचं बंधन आणलं. ते ब्रिटनमध्ये १९६३ साली अर्थमंत्री रेजिनाल्ड मॉडलिंग यांनी काढलं. अमेरिकेत दारूबंदी १९३३ ला उठली, तरी घरगुती बिअर बेकायदेशीरच राहिली. राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी ऑक्टोबर १९७८ मध्ये सही केल्यावर ती मोकळी झाली, आणि मिसिसिपी व अलाबामा ही राज्यं तर थेट २०१३ पर्यंत थांबली. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार परवान्याशिवाय मद्य बनवणं गुन्हा आहे, त्यामुळे हा छंद करणारे मराठी लोक बहुतेक परदेशांत भेटतात.

सुरुवातीच्या घरगुती कृतींत ताकदीचा प्रश्न सोपा होता. माल्ट एक्स्ट्रॅक्टचा डबा, किलोभर साखर आणि पाणी. एक्स्ट्रॅक्ट म्हणजे आटवलेलं वर्ट; त्यात उतारा कारखान्यातच काढून झालेला असतो. १.८ किलोचा डबा आणि किलोभर साखर २३ लिटरला १.०४० च्या आसपास येते; कडक हवी तर पाणी २० लिटरवर थांबवायचं. लोक स्वतः माल्ट भिजवू लागले तेव्हा रिचर्डसनचा प्रश्न घराघरांत आला. पुस्तकातली कृती ७५ टक्के उताऱ्याची, आणि आपला पडतो ६५.

त्याचं उत्तर एका साध्या नियमात आहे: साखर वर्टमध्ये जेवढी आहे तेवढीच राहते, पाणी कमी-जास्त होतं. १.०५० म्हणजे ५० पॉइंट. २० लिटरचे झाले १०००. हाती १.०४३ आलं तर ८६०, म्हणजे १४० कमी. एक किलो कोरडं माल्ट एक्स्ट्रॅक्ट साधारण ३७० पॉइंट देतं, म्हणून ३८० ग्रॅम घालायचं. नाहीतर उकळून १७.२ लिटरपर्यंत आटवायचं; मात्र आटवताना रंग गडद होतो, कडवटपणाही दाटतो. उलट १.०५६ आलं तर ११२० भागिले ५०, म्हणजे २२.४ लिटर; सुमारे अडीच लिटर उकळलेलं पाणी घालावं. पुढच्या खेपेसाठी माल्टच वाढवायचं. एक किलो फिकं माल्ट जास्तीत जास्त ३०० पॉइंटच्या आसपास देतं. साडेचार किलोला ८६० आले म्हणजे आपला उतारा ६४ टक्के; १००० हवे असतील तर ५.२ किलो घ्यावं. नवख्यांना मी आवर्जून सांगतो, वर्ट थंड करूनच मोजा. ६० अंशांवर तोच आकडा पंधराएक पॉइंट कमी दिसतो, आणि घाबरून एक्स्ट्रॅक्ट ओतणारे कमी नाहीत.

एवढं जुळलं तरी ताकद पूर्ण ठरत नाही. यीस्ट १.०१२ ला थांबलं तर फरक ३८ पॉइंटांचा, त्याला ०.१३१ ने गुणलं की ५ टक्के. १.०१६ ला थांबलं तर साडेचारच्याही किंचित खाली. आणि ते कुठे थांबेल हे बऱ्याच अंशी माल्ट भिजवतानाच ठरलेलं असतं: ६३-६५ अंशांवर यीस्टला पचणारी साखर जास्त बनते, ६९-७० वर न पचणारी. ब्रिटिश सरकारनेही १९९३ च्या जूनमध्ये मूळ घनतेवरचा कर सोडून प्रत्यक्ष अल्कोहोलवर कर लावला. घरी मात्र नळी अजून दोनदा बुडवावी लागते, एकदा यीस्ट घालण्याआधी आणि एकदा बुडबुडे थांबल्यावर, तेही दोन-तीन दिवस आकडा हलत नाही हे पाहून.