टाईप केलेला, मग पुसलेला प्रश्न

चौदा वर्षांच्या मुलाला आंघोळ करताना एका स्तनाग्राखाली वाटाण्याएवढी गाठ हाताला लागते. दाबली की दुखते. घरी सांगायची लाज आणि मित्रांना सांगावं तर वर्षभर चिडवतील. रात्री पांघरुणात, स्क्रीनचा उजेड कमी करून तो टाईप करतो, 'मुलांना ब्रेस्ट कॅन्सर होतो का'. चार ओळी वाचून घाबरतो, हिस्टरी पुसतो आणि झोपायचा प्रयत्न करतो. खरं तर वयात येताना हार्मोन्सचं प्रमाण बदलतं, त्यामुळे अशी गाठ पुष्कळ मुलांना येते आणि बहुतेकांची वर्ष-दोन वर्षांत आपोआप जिरते.

याच मुलाला उद्या वर्गात प्रश्नावली दिली, 'कोणत्या विषयावर माहिती हवी?' आहार, व्यसनं, स्वच्छता, ताणतणाव. तो आहारापुढे खूण करून मोकळा होईल. शेजारचा बघतोय, आणि गाठीसाठी तर चौकटच नाही. मुलांना आरोग्याबद्दल खरं काय जाणून घ्यायचं आहे हे संशोधनातून शोधायचं, तर वर्गातल्या प्रश्नावलीऐवजी त्यांच्या फोनकडे वळावं लागतं.

कुणी बघत नसलं की उत्तरं बदलतात, हे मोजून झालेलं आहे. अमेरिकेत 1995 मध्ये 15 ते 19 वयाच्या मुलग्यांच्या एका पाहणीत काहींना कागदी फॉर्म दिले, काहींना हेडफोनवर प्रश्न ऐकवणारा कॉम्प्युटर. दुसऱ्या मुलग्याशी किंवा पुरुषाशी लैंगिक संबंध आल्याचं कागदावर 1.5 टक्के मुलग्यांनी सांगितलं, कॉम्प्युटरवर 5.5 टक्के. प्रश्न तेच होते.

दुसरी गोष्ट वेळेची. 1970 च्या दशकात शिकागोत मिहाय चिक्सेंटमिहाय आणि रीड लार्सन या मानसशास्त्रज्ञांनी किशोरवयीन मुलांना आठवडाभर पेजर दिले. तो कधीही वाजायचा आणि वाजला की त्या क्षणी काय करतोय, कसं वाटतंय ते लिहायचं. नंतर आठवून सांगितलेलं दुःख बरंच इस्त्री केलेलं असतं. पेजरचं काम आता फोन करतो आणि मुलं तो स्वतःहून जवळ बाळगतात.

केनिया आणि टांझानियात 2010 च्या सुमारास गर्भनिरोधकांची माहिती एसएमएसवर देणारी सेवा सुरू झाली. साधनागणिक एक कोड होता. कोणता कोड किती वेळा मागितला, याची नोंद आपोआप व्हायची. युगांडात 2011 पासून युनिसेफचं यू-रिपोर्ट तरुणांना एसएमएसवर प्रश्न विचारू लागलं. दोन्ही उपयोगी, पण मेन्यूत जे आहे तेवढंच त्यातून कळतं. मला जास्त मोलाचा वाटतो तो मोकळा, चुकीच्या स्पेलिंगचा मेसेज. 'खाली खाज येते.' 'डेट होऊन गेली, 40 दिवस झाले, काही झालंय का?' माहितीपत्रकात मात्र 'जननेंद्रियांची स्वच्छता' आणि 'अनियमित मासिक पाळी' असे मथळे असतात. मुलगी ते शब्द कधी टाईपच करत नाही, मग पत्रक आणि प्रश्न यांची गाठ पडणार कशी? पाळी सुरू झाल्यावर पहिली काही वर्षं 21 ते 45 दिवसांचं अंतर सर्वसाधारण मानतात, हे एक वाक्य तिला वेळेवर मिळालं असतं तर पुढच्या चार रात्री नीट झोप लागली असती. (गर्भधारणेची शक्यता असेल तर चाचणी करावी, हेही त्याच मेसेजमध्ये हवं.) म्हणून कोणते शब्द वापरले, किती वाजता, आणि उत्तर मिळाल्यावर पुन्हा काय विचारलं, हे सगळं जपून वाचावं लागतं.

अडचण अशी की फोन बरेचदा तिचा नसतो. रात्री विचारलेल्याचं उत्तर सकाळी भावाच्या हातात, लॉक स्क्रीनवर उघडं पडतं. त्यामुळे उत्तर तिने मागितल्यावरच यावं, मेसेजच्या वरच्या ओळीत विषय दिसू नये, नंबराऐवजी सांकेतिक ओळख साठवावी, ही काळजी संशोधनाचाच भाग होते. पालकांची लेखी संमती सरसकट सक्तीची केली, तर ज्यांना घरी विचारता येत नाही नेमकी तीच मुलं गळतात. फोनच नसलेल्यांची तर नोंदही होत नाही.

शिवाय प्रत्येक मेसेज माहितीसाठी नसतो. पहाटे दोनला 'जगावंसं वाटत नाही' असं आलं, तर तो आकडा म्हणून तक्त्यात भरून चालत नाही. त्या वेळी पलीकडे कुणीतरी जागं असावं लागतं, आणि ती ड्युटी कुणाची हे पहिला प्रश्न पाठवण्याआधीच ठरलेलं असावं लागतं.