शैक्षणिक तंत्रविज्ञान, वडोदऱ्यातील

वर्गातील अध्यापन व मूल्यमापन यांसाठी साधनांचा आणि तंत्रांचा हेतुपूर्वक वापर. साधन नुसते वर्गात असणे या संज्ञेत अभिप्रेत नाही.

वडोदऱ्यातील आरंभाविषयी दोन मते आहेत. पहिल्या मतानुसार तो बडोदा (आजचे वडोदरा) संस्थानचे महाराजा सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांच्या ग्रंथालय चळवळीत आहे. अमेरिकन ग्रंथपाल विल्यम बॉर्डन १९१० मध्ये बडोद्यास आले. त्यानंतर, बहुधा १९१२ च्या सुमारास, ग्रंथालय खात्याची दृश्यशिक्षण शाखा मॅजिक लँटर्न (काचपट्टीवरील चित्र पडद्यावर दाखवणारा दिवा), स्टिरिओस्कोप (जोडचित्रांतून खोलीचा भास देणारे उपकरण) व चलच्चित्रे लोकांपर्यंत नेऊ लागली. संस्थानभर सक्तीचे प्राथमिक शिक्षण १९०६ मध्येच लागू झाले होते. तरीही शाखेचा रोख शाळेपेक्षा लोकशिक्षणाकडे अधिक होता. शिवाय पाहणाऱ्याला काय उमगले, हे तपासण्याची सोय त्यात नव्हती. म्हणून महाराजा सयाजीराव विद्यापीठातील शिक्षणशास्त्राच्या प्रगत अध्ययन केंद्रात १९६० नंतर झालेल्या क्रमान्वित अध्ययनावरील संशोधनापासून आरंभ धरणारे दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते.

क्रमान्वित अध्ययनात पाठ्यांश लहान चौकटींत विभागतात. प्रत्येक चौकटीत विद्यार्थी उत्तर देतो आणि ते बरोबर की चूक, हे त्याला लगेच कळते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांच्या रेषीय पद्धतीत (सर्वांना चौकटींचा एकच क्रम) पायऱ्या इतक्या लहान असतात की चूक क्वचितच व्हावी. अमेरिकेतील नॉर्मन क्राउडर यांच्या शाखीय पद्धतीत (उत्तरानुसार पुढची चौकट वेगळी) मात्र चुकीलाच महत्त्व आहे : ०.५ + ०.२५ यांची बेरीज ०.३० लिहिणारा विद्यार्थी दशांश चिन्हापुढचे अंक पूर्णांकांसारखे मिळवतो (५ + २५), तर ०.२१० लिहिणारा अंक उजवीकडून मांडतो आणि ५ + ५ चे १० हातचा न घेता तसेच लिहितो. दोघांची उत्तरे चूकच, पण त्यांना वेगवेगळ्या चौकटींकडे पाठवावे लागते. आजच्या बहुपर्यायी ऑनलाइन चाचण्या हा भेद बहुधा गाळतात, नुसते गुण दाखवतात. ही उणीव गंभीर आहे. चुकीचे पर्याय विद्यार्थ्यांच्या वह्यांतून निवडले, तर तीच चाचणी आकारिक मूल्यमापनाचे (शिकणे चालू असतानाच ते सुधारण्यासाठी केलेल्या तपासणीचे) समर्थ साधन होते. हे काम शिक्षकाचेच. उपकरणाने ते होत नाही.

पुढील टप्पे राष्ट्रीय आहेत : १९७५–७६ चा उपग्रह दूरचित्रवाणी प्रयोग, २००४ मध्ये सोडलेला शैक्षणिक उपग्रह एज्युसॅट, २०१७ पासूनचे दीक्षा हे शालेय शिक्षणाचे ऑनलाइन व्यासपीठ. दीक्षावरील मराठी सामग्री मुख्यतः महाराष्ट्राच्या पाठ्यपुस्तकांना जोडलेली आहे. वडोदऱ्यातील मराठी शिक्षकाने ती वापरताना गुजरातच्या अभ्यासक्रमाशी घटकवार पडताळून घेणे आवश्यक ठरते.