आयटीआय म्हणजे शिक्षणाला फुल्ल स्टॉप? अजिबात नाही

"आयटीआय केलं की पोरगा कायमचा पान्हाच फिरवणार", हे अजून ऐकतोय राव. खरं सांगू का, दहावीनंतर फिटर, इलेक्ट्रिशियनसारखा 2 वर्षांचा ट्रेड पास झाला की महाराष्ट्रात पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला ॲडमिशन घेता येते, आणि डिप्लोमा झाला की इंजिनिअरिंगच्या पण थेट दुसऱ्या वर्षाला. वेल्डर 1 वर्षाचा, त्याला हा रस्ता सरळ नाही, ते आधीच बघा. बाकी ॲप्रेंटिसशिपला "फुकट राबवतात" म्हणणाऱ्यांनो, 1961 च्या कायद्याखाली त्यात स्टायपेंड द्यावाच लागतो, फक्त तो पगार नसतो, त्यात रूमभाडं आणि मेस भागवताना नाकीनऊ येतात हे मात्र खरंय.