मिश्र रोपवनातील पाचोळा आणि जमिनीत मुरणारे पाणी

सह्याद्रीत एका दिवसात 100 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणे नवलाचे नाही. हा पाऊस जंगलातील पाचोळा शोषून घेतो, असा सर्रास समज आहे. हिशेब मात्र वेगळा आहे. वाळलेला पाचोळा साधारणपणे आपल्या वजनाच्या दोन-तीन पट पाणी धरतो. हेक्टरी 8 टन पाचोळा धरला, तर त्यात 16 ते 24 टन पाणी, म्हणजे फार तर अडीच मिलिमीटर पाऊस मावेल, आणि त्यातलेही बरेचसे पाणी उघडीप मिळताच हवेत परत जाईल. पाचोळ्याचे महत्त्व आहे ते त्याच्याखालच्या मातीसाठी.

निव्वळ सागाच्या रोपवनात हे चटकन लक्षात येते. सागाच्या रुंद पानांवर पावसाचे थेंब एकत्र येऊन मोठे होतात आणि आठ-दहा मीटरवरून पडताना चांगलाच वेग घेतात. खाली जमीन उघडी असेल, तर या माऱ्याने मातीचे रवे फुटतात, सुटलेली बारीक माती छिद्रांत बसते, वर घट्ट पापुद्रा धरतो आणि पाणी मुरण्याऐवजी उताराने धावू लागते. साग उन्हाळ्याआधीच पाने गाळतो. त्या वाळक्या थरातून वणवा गेला, की पहिल्या पावसाला जमीन उघडीच सापडते.

साग, करंज, शिरीष, ऐन, जांभूळ अशी झाडे एकत्र असली, तर पानगळ एकाच वेळी होत नाही आणि पाने एकाच गतीने कुजतही नाहीत. करंज आणि शिरीष शेंगवर्गातले असल्याने त्यांच्या पानांत नत्र भरपूर असते. ती लवकर कुजून गांडुळांना खाद्य मिळते. जांभळाची जाड, चिवट पाने मात्र रेंगाळतात आणि थेंबांचा मार झेलतात. असा थर हाताने उचकटला, तर वर अख्खी पाने, त्याखाली बुरशीच्या पांढऱ्या धाग्यांनी जखडलेले तुकडे आणि तळाशी काळसर, भुसभुशीत माती दिसते. गांडुळांची बिळे आणि सेंद्रिय द्रव्याने बांधलेले मातीचे रवे यांमुळेच पाणी खोलवर उतरते, आणि पाचोळ्यात मावणाऱ्या पाण्यापेक्षा हा वाटा मला कितीतरी मोलाचा वाटतो.

जाती निवडताना मात्र नत्र स्थिर करणारे, म्हणजे मुळांवरच्या जिवाणूंच्या मदतीने हवेतला नत्र वापरणारे झाड म्हणजे लवकर कुजणारा पाला, असे गृहीत धरू नये. कोकणात सर्वत्र दिसणारी ऑस्ट्रेलियन बाभूळ नत्र स्थिर करते, पण तिची ‘पाने’ हे खरे तर चपटे झालेले देठ असतात. ते चिवट असल्याने सावकाश कुजतात आणि त्यांचा जाड थर नुसता साचत राहतो.

भातरोपांच्या राबासाठी, म्हणजे पेरणीआधी रोपांची जागा भाजण्यासाठी, पाला गोळा करण्याची कोकणातली रीत जुनी आहे आणि तिची गरजही खरी आहे, म्हणून रोपवनाची आखणी करतानाच राबासाठी उताराच्या पायथ्याचा वेगळा पट्टा राखून ठेवावा. चढावरचा पाला जागेवरच राहू द्यावा आणि वणवा अडवण्यासाठी मोकळे ठेवलेले पट्टे, म्हणजे जाळरेषा, उन्हाळ्याआधी साफ कराव्यात.