भावोजी दारात येण्याआधी

मुंबईच्या मराठी वस्तीत ‘भावोजी’ म्हटलं की बऱ्याच घरांत नात्यातल्या माणसाआधी आदेश बांदेकर आठवतात. घरोघरी जाऊन वहिनींशी खेळ खेळायचा आणि जिंकणारीला पैठणी द्यायचा त्यांचा कार्यक्रम, ‘होम मिनिस्टर’, १३ सप्टेंबर २००४ रोजी सुरू झाला, तेव्हा वाहिनीचं नाव अजून अल्फा मराठी होतं. पुढच्या वर्षी ती झी मराठी झाली. २०२४ मध्ये कार्यक्रम थांबला. संध्याकाळी सहा-साडेसहाची ती वेळ जवळपास वीस वर्षं एका माणसाच्या नावावर होती. सूत्रसंचालक पुष्कळ झाले, पण नात्याच्या नावाने ओळखला जाणारा हाच. ते नातं टीव्हीवर आलं कुठून, हे समजून घ्यायला थोडं मागे जावं लागतं.

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालं. सुरुवातीच्या काळात पडद्यावरचा खेळ म्हणजे प्रश्नमंजुषा, आणि प्रश्नमंजुषा म्हणजे शाळा-कॉलेजातली हुशार मुलं. १९८५ मध्ये सिद्धार्थ बसूंचा ‘क्विझ टाइम’ आला, तोही त्याच वळणाचा. घरातली बाई हे सगळं भाजी निवडता निवडता ऐकायची. तिला कुणी काही विचारत नव्हतं. मग खासगी वाहिन्या आल्या. १९९३ मध्ये झी टीव्हीवर अन्नू कपूर यांची ‘अंताक्षरी’ सुरू झाली आणि खेळायला पाठांतर नको, गाणं येत असलं तरी पुरे, हे कळलं. मराठीत ती जागा सह्याद्री वाहिनीवरच्या ‘ताक धिना धिन’ या गाण्यांच्या खेळाने घेतली. त्याचं सूत्रसंचालन आदेश बांदेकर करायचे. १८ जानेवारी १९६६ चा त्यांचा जन्म. महाराष्ट्राला त्यांचा चेहरा ओळखीचा झाला तो इथे.

३ जुलै २००० रोजी ‘कौन बनेगा करोडपती’ आला आणि खेळाचं माप बदललं. मूळ कार्यक्रम इंग्लंडचा, १९९८ चा. इथे तो मुंबईत उभा राहिला, अमिताभ बच्चन समोरच्या खुर्चीत बसले, आणि त्याच वर्षी पहिला करोडपती ठरला तो मुंबईचाच मराठी तरुण, हर्षवर्धन नवाथे. त्या रात्रीचा अभिमान ज्यांनी अनुभवला त्यांना तो सांगावा लागत नाही. पाठोपाठ झी टीव्हीने दहा कोटींचा खेळ आणला, इतरांनीही थैल्या मोकळ्या केल्या. मराठी वाहिन्यांकडे एवढा पैसा नव्हता. करोडपतीचा मराठी अवतार यायला २०१३ साल उजाडलं. तो ई टीव्ही मराठीवर सचिन खेडेकरांनी केला. २०१९ मध्ये सोनी मराठीवर नागराज मंजुळेही त्या खुर्चीत बसले.

म्हणजे २००४ मध्ये मराठी खेळाच्या हाताशी कोटी नव्हते, झगमगता सेट नव्हता. ज्या बाईला करोडपतीचा फोन लावायचं धाडस होणार नव्हतं, तिच्या दाराशी कॅमेरा न्यायचा, हा मार्ग त्यातून निघाला. बायकोला ‘आमच्या होम मिनिस्टर’ म्हणणारे नवरे कार्यक्रमाच्या आधीपासून होतेच. त्या शब्दात कौतुक असायचं आणि ‘घरापुरतंच’ असा कुंपणाचा दोरही असायचा. कार्यक्रमाने तो शब्द उचलला आणि पाटीवर लावला.

आता नात्याकडे येऊ, कारण माझ्या मते सगळं यश तिथे आहे. मराठी घरात बाई नवऱ्याच्या भावाला भावोजी म्हणते. बहिणीच्या नवऱ्यालाही काही ठिकाणी म्हणतात, पण समोरचा ‘वहिनी’ म्हणत आत आला की तो दीरच ठरतो, म्हणजे सासरचा माणूस. परका पुरुष हातात माइक घेऊन थेट स्वयंपाकघरापर्यंत जातो, सासूसमोर सुनेला ‘लग्न कसं जमलं?’ विचारतो, नवऱ्याची खोडी काढतो, आणि कुणालाच ते खटकत नाही. दिराला ती मुभा आपल्याकडे जुनीच आहे. नव्या सुनेला सासरी पहिला धीर द्यायचा तो बहुधा धाकट्या दिराने. तिच्या बाजूने बोलू शकणारा सासरचा एकुलता एक पुरुष तोच असायचा. बांदेकरांनी ही जागा पकडली. नवऱ्याचा भाऊ म्हणून ते घरात शिरत आणि वहिनीच्या बाजूला उभे राहत. ‘ताई’ म्हटलं असतं तर ते माहेरचे झाले असते, दारातून भेटून परतले असते.

खेळ साधे होते. प्लास्टिकच्या पेल्यांचा मनोरा, फुगे, बांगड्या, बादलीत चेंडू. त्यांत नवं काही नव्हतं. मंगळागौर, हळदीकुंकू, डोहाळजेवण या बायकांच्या मेळ्यांतून हसण्या-खिदळण्याची जी परंपरा पुरुषांच्या नजरेआड चालायची, तीच संध्याकाळी सगळ्या घरासमोर आली. उखाण्याचंही तसंच. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, या जुन्या बंधनातून बायकांनी काढलेली ती पळवाट. ‘वहिनी, उखाणा घ्या’ म्हटल्यावर जी बाई क्षणापूर्वी पदराशी चाळा करत होती ती ताठ उभी राहून दोन ओळी ठणकावून म्हणायची. अनेक घरांत त्या दोन ओळींपुरता का होईना, सगळ्यांसमोर तिचाच आवाज मोठा असायचा.

आणि पैठणी. इथे एक गंमतीचा योग आहे, तो कुणी ठरवून आणला असेल असं वाटत नाही. कार्यक्रमाची हाक ‘दार उघड बये, दार उघड’ ही संत एकनाथांच्या भारुडातल्या हाकेची लेक. सोळाव्या शतकात नाथांनी भवानीला घातलेली ती साद. नाथ पैठणचे, आणि बक्षिसाची साडी ज्या गावाचं नाव लावते तेही पैठण. हाक आणि बक्षीस, दोन्ही गोदावरीच्या काठावरून आली. आज पैठणीचे माग मुख्यतः नाशिक जिल्ह्यातल्या येवल्यात चालतात. हाताने विणलेली, जरीच्या पदरावर मोर असलेली ती साडी चाळीतल्या बाईने लग्नघरात दुसरीच्या अंगावर पाहिलेली असायची. आमच्या घरात एकच पैठणी होती, आजीची, आणि तिच्या घड्या मोडू नयेत म्हणून ती वर्षातून एकदा उन्हात टाकून पुन्हा ट्रंकेत जायची. अशी साडी पेल्यांचा मनोरा रचून स्वतःच्या नावावर होते, याचं अप्रूप पैशात मोजता येत नाही. रोख रक्कम दिली असती तर ती मुलाच्या फीमध्ये किंवा गॅसच्या बिलात गेली असती. साडी तिचीच राहिली.

कार्यक्रमाने आणखी एक काम नकळत केलं, आणि मला ते फार मोलाचं वाटतं. २००४ ची मुंबई मोडत होती. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी कामगारांच्या संपानंतर गिरणगाव सावरलं नव्हतं. लालबाग-परळच्या गिरण्यांच्या जागी मॉल आणि मनोरे उठायला लागले होते. संपाच्या वर्षांत घर चालवलं ते बायकांनी. पापड लाटून, डबे देऊन, शिलाई करून. त्याच घरांत हा कॅमेरा शिरला. बीडीडी चाळीतली खोली १६० चौरस फुटांची. त्यात ओटा, मोरी, देव्हारा, पोटमाळा, आणि दारातून डोकावणारा अख्ख्या मजल्याचा शेजार. अशा घरांत खेळ रंगायला शेजाऱ्यांची वेगळी सोय करावी लागत नाही. पुढे ही कुटुंबं डोंबिवली, बदलापूर, विरारच्या ब्लॉकमध्ये गेली तशी हाकही तिथे गेली, मग गावागावांत गेली. सामान्य मराठी घराचं आतून दर्शन इतक्या चिकाटीने कुणी टिपलं असेल असं मला वाटत नाही.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी. खेळ संपला की बाई परत ओट्याशीच जायची. तिच्या कामाची वाटणी बदलावी, असा आग्रह कार्यक्रमाने धरला नाही. बक्षिसात साडीच का, हा प्रश्न विचारणाऱ्या मुलींचंही चुकत नाही. पण तिच्या आयुष्याची गोष्ट तिच्या तोंडून, तिच्याच घरात, नवऱ्याला गप्प बसवून ऐकून घेतली गेली, हेही तितकंच खरं.

घरोघरची ही ओळख राजकारणाच्या नजरेतून सुटणार नव्हती. २००९ मध्ये बांदेकर शिवसेनेत गेले आणि त्याच वर्षी माहीममधून विधानसभेला उभे राहिले. जागा मनसेच्या नितीन सरदेसाईंकडे गेली. भावोजी म्हणून दार उघडणं आणि मत देणं या दोन गोष्टी मुंबईच्या वहिनींनी वेगळ्या ठेवल्या. २०१७ मध्ये ते प्रभादेवीच्या सिद्धिविनायक मंदिर न्यासाचे अध्यक्ष झाले, २०२३ मध्ये ते पद सदा सरवणकरांकडे गेलं. पत्नी सुचित्रा बांदेकर स्वतः अभिनेत्री; त्यांच्या सोहम प्रॉडक्शन्सची ‘ठरलं तर मग’ ही मालिका २०२२ च्या डिसेंबरात स्टार प्रवाहवर सुरू झाली.

२०२० मध्ये कोरोनाने नेमकं वर्मावर बोट ठेवलं. ज्या कार्यक्रमाचं सगळं बळ दार उघडण्यात, त्याला दारात जायची बंदी. जूनमध्ये तो ‘घरच्या घरी’ म्हणून परतला. भावोजी आपल्या घरात, वहिनी आपल्या घरात, मध्ये मोबाइलचा पडदा. घरात कोंडलेल्या बायकांना त्याचाही आधार वाटला असेल, पण शेजार त्यात नव्हता, आणि शेजाराशिवाय तो खेळ अर्धाच. २०२२ मध्ये ‘महामिनिस्टर’ या पर्वात ११ लाखांची पैठणी ठेवली गेली. मला ती पहिलीच बरी वाटत होती. ११ लाखांची साडी कपाटात ठेवायची की बँकेत, या काळजीत ती नेसायची कधी?

कार्यक्रम बंद व्हायच्या कितीतरी आधी खेळ त्याच्या हातून निसटून मंडळांकडे गेला होता. गणपती-नवरात्रात मुंबई-ठाण्यातल्या मैदानांवर, निवडणूक जवळ आली की तर गल्लीगल्लीत, ‘खेळ पैठणीचा’चे फलक लागतात. नगरसेवक व्हायची इच्छा असलेला माणूस पैठण्या देतो, खुर्च्या भाड्याने आणतो, आणि माइक हातात घेतलेला कुणी तरुण, ज्याला टीव्हीवर कुणी कधी पाहिलेलं नाही, पहिल्या रांगेतल्या बाईला हात पुढे करून वर बोलावतो. ती एकदा मागे वळून सासूकडे बघते, सासू मान डोलावते. तरुण म्हणतो, ‘या वहिनी. आधी उखाणा.’